सगोत्र नव्हेत, सोयरे

आयर्लंड आणि ब्रिटनी यांच्या संगीताचं नाव एका दमात घेण्याची आता इतकी सवय झाली आहे की हे दोन प्रदेश मुळात वेगळे आहेत, हेच आधी सांगावं लागतं. आयर्लंड हे बेट आहे; ब्रिटनी हा फ्रान्सचा पश्चिमेला अटलांटिकमध्ये घुसलेला कोपरा. मधे समुद्र, आणि समुद्राच्या वाटेवर इंग्लंडचं कॉर्नवॉलचं टोक. तरीही १९७१पासून ब्रिटनीतल्या लोरियाँ बंदरात दर ऑगस्टला भरणारा आंतरकेल्टिक महोत्सव असो, ध्वनिमुद्रिकांची वेष्टणं असोत की पर्यटन खात्यांची पत्रकं, सगळीकडे एकच कथा सांगितली जाते. हे दोन समाज एका प्राचीन वंशाचे, आणि त्यांचं संगीत म्हणजे त्या वंशाची अजून न विझलेली आठवण. ही कथा ऐकायला गोड आहे आणि तिच्यावर पुष्कळांचं पोट चालतं, म्हणून ती सहसा कुणी तपासत नाही. या प्रस्तावनेत मांडायचं आहे ते असं की आयरिश आणि ब्रेटन संगीत सगोत्र नाही. त्यांच्यात सोयरीक झालेली आहे. गोत्र नुसतं सांगितलं की पुरतं. सोयरीक मात्र कुणीतरी जुळवावी लागते, तिच्यात देणंघेणं होतं, मानापमान होतात, आणि ती टिकवायला दोन्ही घरांना राबावं लागतं. ही सोयरीक जेमतेम पाऊणशे वर्षांची आहे. तिच्या तारखा सांगता येतात, मध्यस्थांची नावं सांगता येतात, कोणत्या घरातून कोणतं वाद्य कुठे गेलं तेही दाखवता येतं. आणि ती अलीकडची आहे एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हा या मांडणीचा दुसरा अर्धा भाग आहे.

सुरुवात भाषेपासून करायला हवी, कारण वंशाच्या कथेचा सगळा भार भाषेवरच आहे. ब्रेटन आणि आयरिश या दोन्ही केल्टिक भाषा खऱ्या, पण त्या कुटुंबाच्या दोन निराळ्या शाखांवरच्या. पाचव्या-सहाव्या शतकांत आजच्या वेल्स, कॉर्नवॉल, डेव्हन या भागांतले लोक समुद्र ओलांडून समोरच्या किनाऱ्यावर वस्तीला आले आणि त्यांच्या बोलीतून ब्रेटन घडली. तिच्या सख्ख्या बहिणी वेल्श आणि कॉर्निश. आयरिशचा गोतावळा स्कॉटलंडच्या गेलिककडे आणि मॅन बेटाकडे जातो. आयरिश बोलणाऱ्याला ब्रेटन ऐकून काही उमगत नाही. शिवाय ब्रिटनीच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागात ब्रेटन नव्हे, तर फ्रेंचला जवळची गालो बोली चालत आली. तिथे व्हायोलिन आणि चाक फिरवून वाजवायची व्हिएल रुळली, आणि तिथली गाणी शेजारच्या फ्रेंच प्रांतांतल्या गाण्यांशी सहज जुळतात. ब्रेटनांचं जुनं नातं शोधायचंच असेल तर ते वेल्सकडे सापडतं. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ब्रेटनांनी आपलं राष्ट्रगीत घडवलं तेव्हा चाल घेतली ती वेल्शांच्या राष्ट्रगीताची. त्याहून भक्कम पुरावा ‘स्कोलान’ या नावाच्या ब्रेटन कथागीताचा. त्यातला पापी, प्रायश्चित्त घेणारा, मेल्यावर परत येणारा नायक कारमार्थनच्या काळ्या पोथीतल्या मध्ययुगीन वेल्श कवितेत भेटतो. विसाव्या शतकातल्या निरक्षर गायिकांच्या तोंडी राहिलेलं हे गीत शेकडो वर्षं मागे जाणारा धागा आहे खरा. फक्त तो आयर्लंडला जाऊन मिळत नाही.

मग आयरिश आणि ब्रेटन हे एकाच कुळाचे, ही कल्पना आली कुठून? विद्वानांच्या टेबलावरून. १७०३ मध्ये पोल-इव्ह पेझ्रों या ब्रेटन मठाधिपतीने प्राचीन गॉल आणि आजचे ब्रेटन-वेल्श यांची सांगड घालणारा ग्रंथ छापला. १७०७ मध्ये एडवर्ड लूइड या वेल्श पंडिताने आयरिश, वेल्श, कॉर्निश, ब्रेटन या भाषांची शब्दशः तुलना करून त्यांचं एक कुटुंब असल्याचं दाखवून दिलं. (त्या अभ्यासासाठी ब्रिटनीत हिंडताना फ्रेंचांनी त्याला हेर समजून ब्रेस्टला डांबलं होतं, दोन केल्टिक लोकांचा मिलाफ घडवणाऱ्याचं ब्रिटनीत झालेलं हे स्वागत महोत्सवाच्या पत्रकांत सापडत नाही.) लूइडचं भाषाशास्त्र पक्कं होतं. घोटाळा पुढे झाला. भाषेच्या कुटुंबावरून रक्ताचं कुटुंब गृहीत धरलं गेलं, आणि रक्तावरून सुरांचं. मराठी आणि बंगाली एका भाषाकुळातल्या आहेत, म्हणून पोवाडा आणि बाऊल गाणं एका मुळाचं ठरत नाही. भाषा आणि संगीत वेगवेगळ्या वाटांनी प्रवास करतात. संगीताला तर भाषेची सरहद्द ओलांडायला परवानासुद्धा लागत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो तो संतांचा. ब्रिटनीतल्या गावागावांची नावं संतांवरून पडलेली आहेत आणि त्यांतले काही संत आयर्लंडहून आल्याचं परंपरा सांगते. लोक्रोनानचा रोनान हा त्यांतला सगळ्यांत प्रसिद्ध. हा नुसता भाविकांचा समज नाही. ८१८ मध्ये फ्रँकांचा सम्राट लुई याने ब्रिटनीतल्या लांदेव्हेनेकच्या मठाला आयरिश पद्धतीची राहणी सोडून बेनेडिक्टचे नियम पाळण्याचं फर्मान काढलं. म्हणजे तोवर तिथले साधू आयरिश वळणाने राहत होते, हे शत्रुपक्षाच्याच कागदावरून सिद्ध होतं. नातं होतं, आणि ते खोल होतं. पण ते मठांचं, लॅटिनचं, डोकं कसं भादरायचं याचं नातं. त्यानंतर हजार वर्षांनी शेतकऱ्यांच्या खळ्यात वाजणाऱ्या नाचाच्या धुनांशी त्याचा संबंध जोडायला मधला एकही दुवा हाती नाही. आणि दुवा शोधण्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा: आज आपण ज्याला आयरिश किंवा ब्रेटन पारंपरिक संगीत म्हणतो, ते मुळात किती जुनं आहे?

आयरिश बाजूने पाहिलं तर उत्तर जरा निराश करणारं आहे. आयरिश सत्रांमध्ये, म्हणजे वादकांच्या अनौपचारिक बैठकींत, सगळ्यांत जास्त वाजतो तो रील हा नाचाचा प्रकार अठराव्या शतकात स्कॉटलंडहून आला. हॉर्नपाइप इंग्लंडचा. पोल्का मध्य युरोपातून निघून एकोणिसाव्या शतकात सगळीकडे पसरली आणि कॉर्क-केरीच्या डोंगरांत जाऊन घरची झाली. आयरिश ‘सेट’ नाच पॅरिसच्या क्वाड्रिलमधून निघाले. फिडल म्हणजे इटालियन घडणीचं व्हायोलिनच. कॉन्सर्टिना एकोणिसाव्या शतकातला शोध. आणि लाकडी बासरी गावोगाव पोचली त्यामागे एक कारण असं की थिओबाल्ड बोएमची नवी चाव्यांची बासरी आल्यावर शहरी वादकांनी जुन्या बासऱ्या मोडीत काढल्या. कोपराखालच्या भात्याने हवा भरायचे इलिन पाइप्सही अठराव्या शतकात आकाराला आले. या सगळ्या आयात मालातून आयरिश वादकांनी एक विलक्षण नेटकी शैली घडवली. आठ मात्राखंडांचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा. दीड-दोन सप्तकांत मोकळेपणाने चढणारी-उतरणारी, जवळजवळ कुठेच श्वासाला न थांबणारी धून. आणि तिच्यावर ‘रोल’ नावाच्या पाच सुरांच्या चपळ मुरकीचं नक्षीकाम. फ्रान्सिस ओनील या शिकागोच्या पोलीसप्रमुखाने १९०३ मध्ये छापलेल्या १,८५० धुनांच्या संग्रहाने हे घराणं स्थिर केलं. कॉर्कच्या गावात जन्मलेल्या माणसाने स्थलांतरित वादकांना गाठून शिकागोत जमवलेला संग्रह पुढे आयर्लंडमध्येच प्रमाण मानला गेला, हेही परंपरा कशा घडतात याबद्दल पुरेसं बोलकं आहे.

ब्रेटन संगीत दुसऱ्याच मातीतलं आहे. त्याचं मूळ जोडवाद्य म्हणजे बाँबार्द आणि बिन्यू. बाँबार्द हे सनईच्या कुळातलं दुपत्ती, कर्कश म्हणावं इतकं खणखणीत वाद्य. बिन्यू ही छोटी मशकवीणा, बाँबार्दच्या एक सप्तक वर किंचाळणारी, एकच अखंड सूर धरून ठेवणारी. बाँबार्दवादक एक ओळ वाजवतो आणि दम घ्यायला थांबतो. बिन्यू ती ओळ पुन्हा म्हणते. ती संपता संपता बाँबार्द पुन्हा तिच्यात शिरतं. गाण्यातही हीच रीत. ‘कान हा दिस्कान’ या प्रकारात दोन गायक आळीपाळीने ओळ घेतात आणि एकाची ओळ संपण्याआधीच शेवटच्या अक्षरांवर दुसरा सामील होतो, त्यामुळे आवाजात खंड पडत नाही आणि नाचणाऱ्यांची साखळी तासन्‌तास फिरत राहते. धुनांचा पल्ला अनेकदा पाच-सहा सुरांपुरता. स्वरांतरं पियानोच्या पट्टीवर न बसणारी. आणि ओळीची लांबी नाचाच्या पावलांनी बांधलेली. आयरिश नाचात एकेकटा नर्तक किंवा चार जोड्या पायांचं कसब दाखवतात. ब्रेटन नाच म्हणजे हातात हात गुंफलेली रांग किंवा वर्तुळ, आणि त्यात अख्खं गाव. झाँ-मिशेल गिल्शेर या संशोधकाने वर्षानुवर्षं खेड्यांत नाच टिपून १९६३ मध्ये आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात दिसून आलं की या साखळ्यांचे नातेवाईक फ्रान्समधल्या जुन्या ‘ब्रांल’ नाचांत आहेत. १५८९ मध्ये छापलेल्या थ्वानो आर्बोच्या नृत्यग्रंथात ब्रिटनीचा म्हणून जो ‘त्रिओरी’ नाच नोंदलेला आहे, त्याच्याशी गिल्शेरने पश्चिम ब्रिटनीच्या गाव्होतचं नातं जोडलं. ज्या नाचाला आज केल्टिक आत्म्याचा हुंकार म्हणून विकलं जातं, त्याचा सगळ्यांत चांगला जुना दाखला पूर्व फ्रान्समधल्या एका चर्चच्या पदाधिकाऱ्याने लिहून ठेवला आहे.

दुसरा आक्षेप जरा नाजूक आहे आणि तो जाणकार संगीतप्रेमींकडून येतो. नाच वेगळे असतील, पण ऐकताना दोन्हीकडे एकच चव लागते त्याचं काय? अखंड धरलेला सूर आहे, स्वरसंवादाचा अभाव आहे, मेजर-मायनरमध्ये न बसणारे जुने स्वरसमूह आहेत, साथीवाचून गायली जाणारी लांबलचक गाणी आहेत. हे साम्य खरं आहे, पण ते फार रुंद आहे. अखंड सुराची मशकवाद्यं बल्गेरियापासून गॅलिशियापर्यंत वाजतात. जुने स्वरसमूह युरोपच्या निम्म्या खेड्यांत होते. जे सगळीकडे आहे त्यावरून दोघांचं खास नातं सिद्ध होत नाही. आणि जवळ जाऊन ऐकलं तर चवही वेगळीच लागते. आयरिश ‘शॉन-नोस’ गायकी आलंकारिक आहे: एका अक्षरावर अनेक सूर, आणि कथा ऐकणाऱ्याला ठाऊक आहे असं धरून केवळ भावनेचा कढ. ब्रेटन ‘ग्वेर्झ’ याच्या उलट. त्यात गाव कोणतं, मेला कोण, मारलं कुणी, जहाज बुडालं कुठे, हे सगळं एकामागून एक कडव्यात येतं. चाल अक्षराला एक सूर देत सरळ चालते, कारण तपशील चुकता कामा नये. एक गाणं विलाप करतं, दुसरं साक्ष देतं. दोन्ही डोळ्यांत पाणी आणतात. पण तेवढ्यावरून त्यांची आई एक ठरत नाही.

वंशाचं नातं नाकारलं म्हणजे इतिहासातलं येणंजाणं नाकारलं, असं मात्र नाही. समुद्राने हे दोन किनारे सतत जोडलेले होते. मध्ययुगात ब्रेटन जहाजं फ्रेंच दारू आणि मीठ घेऊन आयरिश बंदरांत जात. १६९१च्या लिमरिकच्या तहानंतर पराभूत आयरिश सैन्य फ्रान्सला निघालं ते ब्रेस्टला उतरलं. सेंट मालो आणि नांतमध्ये आयरिश व्यापाऱ्यांच्या वसाहती वाढल्या. त्यांच्यातलाच आंत्वान वॉल्श गुलामांच्या व्यापारात गब्बर झाला, आणि त्याच्याच जहाजाने १७४५ मध्ये राजपुत्र चार्ल्स स्टुअर्टला स्कॉटलंडला पोचवलं. डिसेंबर १७९६ मध्ये आयरिश क्रांतिकारक वुल्फ टोनला घेऊन सुमारे पंधरा हजार फ्रेंच सैनिकांचं आरमार ब्रेस्टहून बँट्रीच्या खाडीकडे गेलं आणि वादळामुळे न उतरताच परतलं. हा इतिहास गाणी रचण्यासारखाच आहे आणि आयरिश भाषेत फ्रान्सच्या मदतीची वाट पाहणारी गाणी रचली गेलीही. पण त्या गाण्यांत मदत येते ती फ्रान्सच्या राजाकडून, स्पेनकडून. भाऊ म्हणून ब्रेटन माणूस त्यांत उभा राहत नाही. जहाजं ब्रेटन बंदरांतून सुटत होती आणि तरीही ब्रेटनांना कुणी केल्टिक बंधू म्हणून ओळखत नव्हतं. ओळख पटायला एकोणिसावं शतक यावं लागलं.

त्या शतकाने दोन्हीकडे संग्राहक निर्माण केले. आयर्लंडमध्ये सुरुवात थोडी आधीची: १७९२ मध्ये बेलफास्टला दहा आयरिश आणि एक वेल्श हार्पवादक जमवण्यात आले आणि एडवर्ड बंटिंग या तरुणाने त्यांच्या धुना उतरवून घेतल्या. ब्रिटनीत १८३९ मध्ये थेओदोर दला व्हिलमार्के या उमरावाने ‘बार्झाझ ब्रेझ’ हा गीतसंग्रह प्रसिद्ध केला आणि त्यातली काही गाणी थेट ड्रुइडांच्या, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहितांच्या, काळाची असल्याचं ठोकून दिलं. फ्रांस्वा-मारी ल्युझेल या ब्रेटन संग्राहकाने १८७२ मध्ये जाहीरपणे त्यावर बनावटपणाचा आरोप केला. वाद शतकभर धुमसत राहिला. अखेर दोनाशियाँ लोराँ या संशोधकाने १९६४ मध्ये व्हिलमार्केच्या मूळ वह्या पाहिल्या, तेव्हा त्याने खेड्यांत बसून खरोखरच गाणी टिपली होती हे स्पष्ट झालं. छपाईसाठी त्याने ती धुतली, सजवली, त्यांना नसलेलं वय चढवलं. आपल्या विषयाचं सगळं दुखणं या एका प्रकरणात आहे. गाणी खरी होती, वय खोटं होतं. आणि खोट्या वयाच्या हट्टापायी खऱ्या गाण्यांवरचाही विश्वास शंभर वर्षं उडाला. पुढे १८९९ मध्ये कार्डिफला वेल्शांच्या आइस्टेथव्हॉड या साहित्य-संगीत संमेलनाला ब्रेटन प्रतिनिधी गेले, १९०१ मध्ये डब्लिनला सर्वकेल्टिक परिषद भरली. झगे घालून मिरवणुका निघाल्या, भाषणं झाली. वादकांना मात्र त्यात फारसं काम नव्हतं.

वादकांची सोयरीक जुळली ती दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास, आणि ती जुळवणाऱ्यांत पोलिग मोंजारे हे नाव पहिलं घ्यावं लागतं. दोरिग ल व्होयेबरोबर त्याने १९४३ मध्ये ब्रेटन वादकांची संघटना उभी केली. अकॉर्डियनने बिन्यूला जवळपास हुसकून लावलं होतं. मोंजारेने उपाय काढला तो परंपरेच्या शुद्धतेचा नव्हता: स्कॉटिश लष्करी बँडचा साचा घेतला, स्कॉटलंडची मोठी मशकवीणा आणि ढोल घेतले, त्यांत बाँबार्दचा ताफा बसवला. १९४०च्या दशकाच्या अखेरीस कारहे इथल्या रेल्वे कामगारांचा पहिला ‘बागाद’ उभा राहिला. आज ब्रिटनीचा आवाज म्हणून जो ओळखला जातो तो हा. मोंजारेने पुढे ब्रेटन-आयरिश गावांच्या जोड्या लावल्या, लोरियाँच्या महोत्सवाच्या उभारणीत भाग घेतला आणि १९८४ मध्ये सुमारे तीन हजार धुनांचा संग्रह छापला. या काळाची एक काळी बाजूही आहे. युद्धात जर्मनांशी संधान बांधल्याबद्दल शिक्षा झालेला भाषापंडित रोपार्झ हेमों डब्लिनला गेला आणि तिथल्या प्रगत अभ्यास संस्थेत काम करत राहिला. इतरही काही ब्रेटन राष्ट्रवाद्यांना आयर्लंडने आसरा दिला. आयर्लंडवरचं ब्रेटनांचं प्रेम सगळं सुरांतून आलेलं नाही. स्वतंत्र झालेल्या छोट्या राष्ट्राचा हेवा आणि पळून जायला मिळालेली जागा, हेही त्यात मिसळलेलं आहे.

याच सुमारास दोन्ही प्रदेश एकाच दुखण्यातून जात होते, आणि माझ्या मते खरं साम्य इथे आहे. खेड्यांतली तरुण माणसं पॅरिसला, लंडनला, बॉस्टनला निघून चालली होती; शाळेने भाषा हिसकावली होती. पन्नाशीच्या दशकात ब्रेटन बोलणारे दहा लाखांहून जास्त होते, एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन लाखांच्या घरात आले. आयर्लंडमध्ये १९५१ साली कोल्टस ही संस्था निघाली आणि तिने वादकांच्या स्पर्धा-जत्रा भरवल्या. १९६०च्या सुमारास संगीतकार शॉन ओ रियाडाने स्वयंपाकघरातलं संगीत रंगमंचावर कसं मांडायचं ते दाखवलं. ब्रिटनीत लोइझ रोपार्सने पन्नाशीच्या दशकात ‘फेस्त-नोज’, म्हणजे सुगीनंतरचा रात्रीचा नाच, शेतावरून उचलून सभागृहात आणला. एकाच रोगावरचे हे दोन स्वतंत्र इलाज होते. शेजारच्या घरी कोणतं औषध लागू पडलं याची चौकशी मग आपोआप सुरू झाली.

त्या चौकशीतून सगळ्यांत मोठं नाव पुढे आलं ते ब्रेटन हार्पवादक अलान स्तिवेलचं. त्याचे वडील जॉर्द कोशव्हेलू यांनी १९५३ मध्ये पॅरिसमध्ये एक हार्प बनवलं आणि ते नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती दिलं. ब्रिटनीत मध्ययुगीन हार्पची परंपरा केव्हाच आटली होती. आयर्लंडमधली धातूच्या तारांच्या हार्पची वादनपरंपराही बेलफास्टच्या त्या वादकांनंतर हळूहळू संपली होती. म्हणजे हे वाद्य कुणाच्याच घरी जिवंत नव्हतं. ते शून्यातून उभं करणं भाग होतं, आणि नेमकं म्हणूनच ते कुणा एकाचं राहिलं नाही. १९७१च्या हार्पवरच्या त्याच्या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेत ब्रेटन धुनांसोबत आयरिश, स्कॉटिश आणि मॅन बेटावरच्या धुनांची एक लांब गुंफण आहे. २८ फेब्रुवारी १९७२ला पॅरिसच्या ऑलिंपिया सभागृहातला त्याचा कार्यक्रम रेडिओवरून थेट गेला आणि फ्रान्समधल्या तरुणांनी बाँबार्द आणि विजेची गिटार एकत्र ऐकली. १९७४ मध्ये तो हाच साज घेऊन डब्लिनला गेला. स्तिवेलच्या बोलण्यात गोत्राची भाषा पुष्कळ आहे. पण त्याने प्रत्यक्ष केलं ते सोयरिकीचं काम.

आणि आता प्रत्यक्ष देवाणघेवाणीकडे, जिथे माझ्या मते सगळ्या वादाचा निकाल लागतो. आयर्लंडहून ब्रिटनीला आलेल्या गोष्टींत लाकडी बासरी, बुझुकी आणि खुल्या पट्टीतली गिटार या ठळक. बुझुकी मुळात ग्रीसची. जॉनी मॉयनिहनने साठीच्या दशकात ती आयरिश संगीतात आणली. बासरीचा मार्ग आणखी बोधप्रद आहे. झाँ-मिशेल व्हेयों हा ब्रेटन नाचातून आणि बाँबार्दमधून आलेला वादक. आयरिश वादकांच्या हातातली बासरी त्याने उचलली, त्यांची फुंक आणि बोटांचे कण शिकला, ‘कोर्नोग’ या चमूतून जगभर वाजवली. आयरिश रोल जसाच्या तसा ब्रेटन गाव्होतवर चढवला तर ओळ फुगते आणि पावलांचा जोर हरवतो. म्हणून त्याने आघात हलवले, बाँबार्दचा तुटक जोर जिभेने बासरीत आणला, आणि स्वरांतरंही ब्रेटन गायकांच्या जवळ नेली. १९९३ मध्ये त्याची पूर्णपणे ब्रेटन संगीताला वाहिलेली बासरीची ध्वनिमुद्रिका आली तेव्हा ती बासरी आयरिश उरली नव्हती. ‘ग्वेर्झ’ या चमूत पात्रिक मोलार इलिन पाइप्स वाजवायचा, सोइग सिबेरिलची गिटार साथ करायची, आणि मधे एरिक मार्शांचा आवाज जुन्या ब्रेटन स्वरांतरांवर ठाम उभा असायचा. वाद्य पाहुणं, घराची शिस्त घरच्यांची. उलट दिशेनेही वाहतूक झाली. केविन बर्क आणि मीहॉल ओ डोनिल या आयरिश वादकांनी १९८२च्या ध्वनिमुद्रिकेत ब्रेटन गाव्होत वाजवल्या. ‘द चीफटन्स’ या आयरिश चमूने १९८७ मध्ये एक अख्खी ध्वनिमुद्रिका ब्रेटन सुरांना दिली. आयरिश सत्रांत आन द्रो या ब्रेटन नाचाची एखादी धून आता सहज निघते, आणि फिडलवर ती थोडी आयरिश होऊनच निघते.

यावर एक कडवा आक्षेप आहे, आणि त्यात तथ्य आहे. ही देवाणघेवाण बरोबरीची नाही. ब्रेस्ट, रेन, कँपेरच्या पबांत आयरिश रील वाजवणारे ब्रेटन तरुण पुष्कळ भेटतात. गॉलवेत कान हा दिस्कान गाणारे आयरिश तरुण शोधावे लागतात. आयरिश संगीतामागे इंग्रजी भाषा, अमेरिकेतली वस्ती आणि मोठा बाजार उभा आहे. ‘केल्टिक’ ही दुकानातल्या फळीवरची चिठ्ठी झाली की त्या फळीवर आयरिश माल पुढे येतो आणि ब्रेटन माल त्याची एक चव म्हणून मागे राहतो. ब्रेटन गिटारवादक दाँ आर ब्राझच्या ‘केल्टांचा वारसा’ या बहुदेशीय उपक्रमाने १९९६च्या युरोव्हिजन स्पर्धेत फ्रान्सतर्फे ब्रेटन भाषेतलं गाणं गायलं, ही मोठी गोष्ट होती. पण त्या भव्य वाद्यमेळात ब्रेटन ओळीचा तो ओबडधोबड टोकदारपणा पुष्कळसा घासला गेला, हेही ऐकू येतं. मला या आक्षेपाचं उत्तर गोत्राच्या कथेत सापडत नाही. उलट ती कथाच बाजाराला सोयीची आहे. सगळं एकाच रक्ताचं असेल तर एकाऐवजी दुसरं वाजवलं तरी काय बिघडलं, असं म्हणायला ती मोकळीक देते. सोयरीक मानली की दोन घरं वेगळी राहतात, आणि कुणी कुणाकडून किती घेतलं याचा हिशेब विचारता येतो.

दुसऱ्या टोकाला संशयवादी अभ्यासक आहेत. नव्वदीच्या दशकात माल्कम चॅपमन, सायमन जेम्स यांसारख्यांनी ‘केल्ट’ ही ओळखच आधुनिक काळात घडवलेली असल्याचं मांडलं, आणि त्यावरून काहींनी पुढचा निष्कर्ष काढला की हे संगीतही एक आधुनिक बनाव आहे. पहिली गोष्ट बरीचशी मान्य करूनही दुसरी नाकारता येते. पाऊणशे वर्षांत वादकांच्या दोन-तीन पिढ्या या नात्यात वाढल्या. एकमेकांची वाद्यं शिकल्या, एकमेकांच्या घरी राहिल्या. १९७८ मध्ये ब्रिटनीतलं रॉस्कोफ आणि कॉर्क यांच्यात थेट जहाज सुरू झालं तेव्हापासून तर मधे लंडनची वाटही पडत नाही. रीलही असाच आयरिश झाला होता, क्वाड्रिल क्लेअर परगण्याचा झाला, स्कॉटिश मशकवीणा ब्रेटन झाली. परंपरा नेहमी अशाच घडल्या आहेत. त्या घडताना आपल्याला दिसल्या, एवढाच या प्रकरणाचा गुन्हा. आणि खरेखोटेपणाची एक कसोटी ब्रिटनीत अजून शाबूत आहे: फेस्त-नोजमधला नाचणारा. २०१२ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतला तो फेस्त-नोज हा नाचण्याचा प्रसंग. आयर्लंडचे इलिन पाइप्स २०१७ मध्ये आणि हार्पवादन २०१९ मध्ये त्याच यादीत आले ते वाजवण्याच्या कला म्हणून. हा फरक महत्त्वाचा आहे. नाचणारी रांग वादकाचं नाव, वंश, वाद्य काहीच विचारत नाही. ओळ पावलाला उचलत नसेल तर ती सरळ विस्कटते.

म्हणून पुढच्या प्रकरणांचा क्रम नेहमीसारखा नाही. ड्रुइड आणि संत त्यांत आरंभी येत नाहीत. पहिली प्रकरणं दोन संगीतांची वेगवेगळी आहेत, आणि त्यांतही ब्रिटनी आधी, कारण मराठी वाचकाच्या कानावर आयरिश धुना कधी ना कधी पडलेल्या असतात, बाँबार्द सहसा नसतं. त्यानंतर बंदरं आणि संग्राहक. मग मोंजारेचा बागाद, कोशव्हेलूंच्या घरातलं हार्प, व्हेयोंची बासरी. ध्वनिमुद्रणं ऐकताना एक पथ्य पाळावं: मिश्र वाद्यमेळांकडे वळण्याआधी साथीवाचून गायलेलं एखादं कान हा दिस्कान आणि एकट्या इलिन पाइप्सवरचा एखादा रील सलग ऐकावा. दोन्हींतलं अंतर एकदा कानात बसलं की पुढे कोण कुणाच्या दिशेने किती सरकलं आहे, ते ऐकणाऱ्याला स्वतःच मोजता येतं.